यादी आणि सह्याही कॅमेऱ्यात हव्यात

गुन्हा रात्रीच्या घरफोडीचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१(४) आणि ३०५ खालचा. कोठडीतल्या आरोपीने दागिने काढून देतो म्हटल्यावर दोन पंचांसमक्ष त्याचं निवेदन नोंदवलं आणि तो नेईल त्या भाड्याच्या खोलीवर गेलो. निघण्यापूर्वी झडतीची कारणं केस डायरीत लिहिली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ ला ती आधी लिहिलेलीच लागतात.

१ जुलै २०२४ पासून याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं आहे. बरेच जण माल सापडतानाचा क्षण टिपतात आणि मोबाईल खिशात टाकतात. कलम नीट वाचावं. जप्त वस्तूंची यादी तयार होणं आणि तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या होणं, हेही त्या मुद्रणात यायला हवं. खटल्यात वाद होतो तो याच भागावरून. पंच फितूर झाला की तो म्हणतो, ‘सह्या ठाण्यात घेतल्या, कागद कोरा होता.’ माल सापडल्याचा व्हिडिओ त्याला उत्तर देत नाही.

म्हणून दाराबाहेरच ई-साक्ष्य या पोलिसांच्या पुरावा-मुद्रणाच्या ॲपवर मुद्रण सुरू केलं. तारीख, वेळ, गुन्हा रजिस्टर नंबर, पत्ता, पंचांची नावं, सगळं मोठ्याने सांगितलं. पंचांकडून आमची अंगझडती घेतली आणि तीही चित्रित केली, कारण माल पोलिसांनीच आत नेऊन ठेवला हा आरोप ठरलेला असतो. आरोपीने स्वतः कोठीतलं धान्य उपसून पिशवी काढली. त्या वेळी कॅमेरा त्याच्या हातांवर होता, चेहऱ्यावर नव्हता.

अडचण आली वजनाच्या वेळी. ॲपमधली एक फाईल चार मिनिटांची. सोनाराने मंगळसूत्र काट्यावर ठेवलं आणि वेळ संपत आली. अशा वेळी फाईल आपोआप तुटू दिली तर मधल्या खंडात वस्तू बदलली असं म्हणायला जागा राहते. शेवटची दहा-पंधरा सेकंद हाताशी ठेवून ‘हा भाग इथे थांबवतो, दागिना काट्यावरच आहे’ असं बोलायचं, काट्याचा आकडा दाखवायचा आणि पुढची फाईल त्याच आकड्यावरून सुरू करायची. तसंच केलं. खंड पडतोच, पण तो काही सेकंदांचा राहतो आणि दोन्ही टोकांना तोच दागिना, तेच वजन दिसतं.

बांगड्यांच्या आतल्या बाजूला सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक होता. तो भिंगाखाली धरून कॅमेऱ्यासमोर वाचला, यादीत जसाच्या तसा उतरवला आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळला. मालकी त्यातून कळत नाही. शुद्धता, वस्तूचा प्रकार आणि सराफाची नोंदणी कळते, आणि त्यावरून फिर्यादीच्या पावतीपर्यंत पोहोचता येतं. मंगळसूत्र जुनं होतं, त्यावर क्रमांक नव्हता. तिथे तुटून पुन्हा डाख दिलेली कडी हीच ओळख. ती वर्णनात लिहिली नाही तर ‘पिवळ्या धातूचे मंगळसूत्र’ एवढंच उरतं आणि फिर्यादी बाईंना न्यायालयात स्वतःचा दागिना ओळखणं अवघड जातं. हा हलगर्जीपणा त्यांना महागात पडतो.

दागिने डबीत, डबी कापडात, गाठीवर लाख आणि पंचांच्या सह्यांचं लेबल. यादी मोठ्याने वाचली, पंचांनी ऐकून सही केली, पेनाचं टोक चौकटीत दिसत होतं. मगच मुद्रण थांबवलं. खोलीत रेंज नव्हती, अपलोड ठाण्यात येऊन केलं.

कलम १०५ प्रमाणे मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. केस डायरीतल्या झडतीच्या नोंदींच्या प्रती वेगळ्या, त्यांना कमाल मुदत ४८ तासांची. मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरला डबीची नोंद करून दोन्ही त्याच संध्याकाळी रवाना केलं. फिर्यादीतलं एक कर्णफूल अजून मिळायचं होतं. त्याच्यासाठी नवी झडती, नवी कारणं आणि दारापासून पुन्हा मुद्रण.