आमची वाटचाल : आधी आवाज, मग चित्र

आमचा व्यवसाय छोटा आहे. सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या, मी, माझी एक जुनी मैत्रीण आणि संपादनाचं काम बघणारा माझा भाचा. हौसेनं ॲनिमेशन करणाऱ्यांसाठी आम्ही आवाज ध्वनिमुद्रित करतो, आणि ज्यांना ते घरीच करायचंय त्यांना कसं करायचं ते दाखवतो. सांगलीत स्टुडिओ म्हटलं की लोक गाण्याचाच समजतात. आमच्याकडे गाणी होत नाहीत. आमच्याकडे बोलणारी कासवं येतात, मूत्रपिंडाचं काम समजावणारे शिक्षक येतात, आजीच्या गोष्टी जपून ठेवायला निघालेल्या नाती येतात.

२०१६ साली सुरुवात केली तेव्हा मी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून काम करत होते. मैत्रीण राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षं उभी राहिलेली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये इथेच पहिलं मराठी नाटक उभं केलं, त्यामुळे गावाला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही. गल्लीत चार माणसं तरी अशी सापडतात की ज्यांना संवाद कसा टाकायचा हे कळतं. आवाज गावात होते, ते नीट टिपणारी स्वस्त जागा नव्हती. गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, नात्यातल्या एका घराची मागची खोली मिळाली. पहिले काही महिने रिक्षावरच्या जाहिराती, मंडळांची निवेदनं, दुकानांची उद्घाटनं, असंच काम.

ॲनिमेशनचं पहिलं काम घेऊन आले ते तासगावकडचे जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी. जलचक्रावरचा व्हिडिओ त्यांनी स्वतः लॅपटॉपवर काढला होता. ढगाला तोंड, थेंबाला तोंड. चित्र पूर्ण तयार होतं, आवाज तेवढा भरायचा होता. थेंबाचं तोंड मिटायचं आणि वाक्य अजून अर्धं शिल्लक असायचं. वाक्य पळवलं की मुलांना काही कळणार नाही, वाक्य तोडलं की विज्ञान चुकणार. शेवटी गुरुजींनीच निर्णय घेतला. आम्ही त्यांच्याच आवाजात सगळे संवाद शांतपणे मुद्रित केले आणि त्या आवाजावर त्यांनी चित्र नव्यानं काढलं. त्या कामानं आमच्या व्यवसायाची दिशा ठरवली.

ॲनिमेशनमध्ये आवाज आधी, चित्र मग. मोठे स्टुडिओही बहुधा असंच करतात आणि त्याला साधं कारण आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी (फ्रेम) असतात. हाताने काढणारे बहुधा एक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. बोलणाऱ्यानं मध्येच अर्धा सेकंद श्वास घेतला तर ती सहा चित्रं झाली. तो श्वास, ती अडखळ, शेवटचं अक्षर थोडं लांबवणं, यावर पात्राचा चेहरा उभा राहतो. चित्र आधी काढलं की नट त्या चौकटीत कोंबला जातो. आवाज आधी असला की चित्रकाराच्या हातात काहीतरी जिवंत असतं. आता ऱ्हुबार्ब लिप सिंकसारखं मोफत साधन ध्वनी ऐकून कुठल्या क्षणी तोंडाचा कोणता आकार हवा याची यादी काढून देतं. सहा मूळ आकार, हवे तर आणखी तीन. त्यात इंग्रजीपुरता न अडकणारा ध्वनी ओळखण्याचा पर्याय आहे, तो निवडला तर मराठीवरही चांगलं काम होतं. पण त्याला स्वच्छ आवाज द्यावा लागतो. मागे पंखा घरघरत असेल तर तेही चुकतं.

म्हणून आमच्याकडे येणाऱ्याशी आम्ही माइकच्या आधी खोलीबद्दल बोलतो. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘कुठला माइक घेऊ?’ आणि मी विचारते, ‘कुठल्या खोलीत बोलणार?’ आपली घरं म्हणजे फरशी, स्लॅब आणि चार उघड्या भिंती. खोलीच्या मध्यावर उभं राहून एकदा टाळी वाजवावी. टाळीमागे बारीक झणझण ऐकू आली तर तुमचं प्रत्येक वाक्य भिंतीवरून परत येऊन माइकमध्ये शिरणार. चांगल्या माइकमध्ये ती झणझण उलट जास्त स्पष्ट येते, आणि एकदा आवाजात मिसळली की ती पूर्ण काढून टाकणारं सॉफ्टवेअर मी तरी पाहिलेलं नाही.

उपाय प्रत्येक घरात आहे. गोधड्या. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगायच्या, पायाखाली सतरंजी, समोर कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. पाठीमागची गोधडी लोक हमखास विसरतात, आणि खरं काम तीच करते, कारण माइकचं तोंड तिच्याच दिशेला असतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला अजून फिरतो. त्यावर वेळ घालवू नका. पातळ पुठ्ठ्याने बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतला घुमाराही फारसा जात नाही. पंखा बंद, फ्रिज बंद (आणि काम झाल्यावर आठवणीनं चालू), मोबाइल विमान मोडवर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे चार्जर किंवा इन्व्हर्टर जवळ असला की एक खर्जातली गूं येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण केलं की बहुतेक वेळा ती जाते. शेवटी सगळ्यांनी गप्प राहून अर्धा मिनिट रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. संपादन करताना दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच भरतात. निखळ शून्य शांतता कानाला खड्डा पडल्यासारखी लागते.

माइकबद्दल थोडक्यात. कंडेन्सर माइकला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो नाजूक आवाज छान टिपतो आणि शेजारच्या गच्चीवरचं कबुतरही टिपतो. डायनॅमिक माइक जवळून बोलायचा असतो, त्यामुळे घरच्या गोंगाटात तो जास्त उपयोगी. सुरुवातीला तीन-चार हजारांचा यूएसबी माइक किंवा हातातला मोबाइल आणि गोधड्या, एवढं पुरतं. आवाज मुद्रित आणि संपादित करायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर २००० सालापासून मोफत मिळतं. त्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट निवडायचं, एकट्याचा आवाज असेल तर मोनो, म्हणजे एकच वाहिनी. आवाजाची पातळी सॉफ्टवेअरमधल्या पट्टीवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्यायची. लाल रेषेला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही.

अंतर एक वीत. तोंडातून सुटणारी हवा सरळ माइकवर आदळू नये म्हणून माइक ओठांच्या रेषेतून जरा बाजूला ठेवायचा. मराठीत हे फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे प आणि ब तर आहेतच, वर फ आणि भ आहेत. ‘भोपळ्या’ आणि ‘फुलपाखरू’ मुलांच्या गोष्टींत सतत येतात आणि प्रत्येक वेळी माइकवर फुंकर बसते. भरतकामाच्या रिंगवर नायलॉनचा मोजा दुहेरी ताणून बसवला की त्याची चाळणी तयार होते. आमच्या पहिल्या खोलीत अशीच होती.

सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती मैत्रिणीनं, आणि तीही आमच्या नाट्यवेड्या मंडळींवर. रंगभूमीवरचा नट शेवटच्या रांगेशी बोलतो. इथे ऐकणारा कान एका वितीवर आहे. जुन्या कलाकारांना आवाज लहान करायला सांगितलं की ते भाव पण लहान करायचे. तिनं त्यावर तोडगा काढला. समोरच्या स्टुलावर एक माणूस बसवायचा आणि संवाद फक्त त्याला सांगायचा. हात हलवायचे, चेहरा हलवायचा, हसत बोलायचं वाक्य खरंच हसत बोलायचं, कारण हसू ऐकू येतं. ओरडण्याची वाक्यं सगळ्यात शेवटी घ्यायची, गळा तोवर टिकतो. तेव्हा दोन पावलं मागे जायचं आणि पातळी आधीच कमी करून ठेवायची.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक आग्रह. संवाद आधी मोठ्यानं वाचा. आमच्याकडे येणाऱ्या संहितांत मिरजेच्या रानात काम करणारा शेतकरी छापील भाषेत बोलतो. ते वाचताना नटाची जीभ अडते, मग आम्ही तिथेच बसून ते वाक्य ‘लई उशीर झालाय, चल बिगीबिगी’ असं करून घेतो. आपल्या भागातल्या मुलांना पडद्यावर आपली बोली ऐकायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. हौशी निर्मात्याला कुणाची मंजुरी लागत नाही, म्हणून ते त्यानंच करावं असं मला मनापासून वाटतं.

२०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात गावभागातली खोली गेली. यंत्रं वेळेत वर नेली होती, पण भिंतींवरचं सगळं अस्तर भिजून कुजलं. उंचावरची जागा हवी म्हणून विश्रामबागेत आलो. नीट बसतोय तोवर मार्च २०२० उजाडला. खोली बंद, आणि नेमकी त्याच वेळी घरोघरी लोक व्हिडिओ करायला लागलेली. तेव्हा आम्ही मोबाइलवरून लोकांच्या घरच्या खोल्या लावून दिल्या. कुणाला पलंगाखाली बसवलं, कुणाला कपाटात. परदेशातली मराठी कुटुंबंही तेव्हापासूनच जोडली गेली. मुलांना मराठी ऐकायला मिळावं म्हणून आई-वडीलच चित्रं काढतात आणि आजी इकडून बोलते. त्या काळात एक गोष्ट पक्की झाली. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज दाबला जातो, तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी येते. आम्ही हे प्रत्येकाला दोनदा सांगतो.

सगळं शिकवून टाकलंत तर तुमच्याकडे कोण येणार, असं घरच्यांनीही विचारलं. एकट्याचं निवेदन लोक घरी करतात, ते आमच्याकडून गेलं हे खरंच आहे. पण चार पात्रांचा प्रसंग, आवाज एकमेकांत अडकवून घ्यायचा असतो, तेव्हा ते येतात, आणि कान तयार झालेला ग्राहक वेळ वाया घालवत नाही. आम्ही तासावर पैसे घेतो, आणि आमच्यामुळे पुन्हा घ्यावा लागलेला टेक मोजत नाही.

आता यंत्राचा मराठी आवाज मिळतो. लांबी मोजायला, कच्च्या आराखड्याला तो वापरावा, आमचीही हरकत नाही. अंतिम आवाज माणसाचाच घ्या असं आम्ही सांगतो, आणि आमच्या प्रत्येक कलाकाराच्या करारात एक ओळ आहे की लेखी परवानगीशिवाय त्याच्या आवाजाची नक्कल तयार करता येणार नाही. त्या ओळीवर आम्ही तडजोड करत नाही. दोन कामं त्यासाठी सोडली आहेत.

पहिल्यांदा येणार असाल तर संवाद मोठ्या अक्षरात छापून आणा, पान उलटताना वाक्य तुटणार नाही असं, आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या. फाइलींची नावं आम्ही त्याच क्रमांकांनी ठेवतो. पात्रांची कच्ची रेखाटनं असतील तर तीही आणा. कासव किती म्हातारं आहे हे बघितल्याशिवाय त्याला आवाज देता येत नाही. सळसळणारे कपडे आणि बांगड्या टाळा, पोटभर जेवून किंवा अगदी उपाशी येऊ नका, आणि लहान मूल बोलणार असेल तर सकाळची वेळ घ्या.