खोडरबर कोणाचा?

पुण्यातल्या एका वस्तीच्या समाजमंदिरात संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेत भरणाऱ्या अभ्यासिकेत मी आठवड्यातून तीन दिवस स्वयंसेवक म्हणून जाते, आणि पहिल्या दोन महिन्यांत शिकवण्यापेक्षा निवाडे करण्यातच माझा अधिक वेळ गेला. “ताई, हा बघा ना!” ही हाक दर दोन मिनिटांनी येत असे.

एकदा तिसरीतल्या एका मुलीने रडत येऊन सांगितले, की शेजारच्या मुलाने तिचा खोडरबर घेतला आहे. मी त्याच्या मुठीतून तो काढून तिला दिला आणि त्याला सर्वांसमक्ष ‘सॉरी’ म्हणायला लावले. वर्ग सुटल्यावर त्याच्या मोठ्या बहिणीने सतरंजीची घडी घालता घालता सांगितले, की खोडरबर त्याचाच होता; त्याच्या एका बाजूला त्याने पेनाच्या टोकाने स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर कोरले होते, ते मी पाहिलेच नव्हते. जो आधी रडेल त्याच्या बाजूने ताईंचा निकाल लागतो, हे मुलांनी मात्र केव्हाच ओळखले होते. पुढच्या वेळी मी सर्वांसमोर त्याची माफी मागितली, कारण त्याचा अपमानही सर्वांसमोरच झाला होता.

तेव्हापासून कोणी गाऱ्हाणे घेऊन आले, की मी आधी “तू त्याला सांगितलंस का?” असे विचारते आणि ते सांगत असताना, मध्ये न बोलता, जवळ उभी राहते. हे न बोलणे फार जड जाते. पालकांनाही ते पटतेच असे नाही. एका आईने मला “दोन फटके द्या, त्याशिवाय तो ऐकायचा नाही” असे अगदी मनापासून सांगितले होते. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे 2009 च्या कायद्याच्या, कलम 17 ने मनाई आहे. आमची अभ्यासिका शाळा नसली, तरी मुले तीच आहेत, एवढेच मी त्यांना म्हणाले.

प्रत्येक गाऱ्हाणे असे परत पाठवता येत नाही. मारहाण, कोणी घाणेरडा स्पर्श केल्याची गोष्ट किंवा घरी जायची भीती यांपैकी काही कानावर आले, तर तिथे “तू त्याला सांग” हे उत्तर क्रूरपणाचे ठरेल. अशा वेळी मी मुलाचे ऐकून घेते, खोदून प्रश्न विचारत नाही, “कोणाला सांगणार नाही” असे वचन देत नाही आणि त्याच दिवशी समन्वयकांशी बोलते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे; 1098 हा बालसाहाय्य क्रमांक आम्ही फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगवून घेतला आहे.

गेल्या बुधवारी तोच खोडरबरवाला मुलगा तक्रार घेऊन आला. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“सांगितलं ना,” तो म्हणाला. “ती म्हणाली, जा, ताईंना सांग.”