दिंडी गेली पुढे, मी अडकलो सुर्ल्याच्या सड्यावर

आमच्या गावची दिंडी जूनमध्येच पंढरपूरला निघाली, मला ऑफिसातून पंधरा-वीस दिवसांची रजा कोण देणार, म्हणून ठरवलं की यंदा एकट्यानेच चालायचं. आषाढी ६ जुलै २०२५ ला, नेमकी रविवारी आली होती. गोव्यातल्या सुर्ल्याला उतरून सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जुन्या पायवाटेनं खाली केरी, तिथून मोर्ले, पर्ये करत साखळीच्या विठ्ठलापूरला, तिथल्या विठ्ठलाच्या देवळात, संध्याकाळपर्यंत पोचायचं, असा प्लॅन. बायको म्हणाली डांबरी रस्त्यानं जा. ऐकलं नाही.

पहाटेच्या बेळगाव गाडीनं फाट्यावर उतरलो. चहाच्या टपरीवर एकाला वाट विचारली तर म्हणाला, चुना लावलेले दगड बघत बघत जा, चुकायचा नाहीस. आता सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, उन्हाळ्यात हा कातळ म्हणजे निव्वळ वाळवंट, लालकाळा, पाय भाजणारा, झाड नाही की सावली नाही, आणि पावसात त्याच कातळावर बोटभर पाणी सरकत असतं नि शेवाळ असं की चप्पल टेकवली की माणूस आडवा. साधारण आठशे मीटर उंची, त्यामुळे ढग वरून जात नाहीत, अंगातूनच जातात.

अर्धा तास बरा गेला. मग धुकं उतरलं आणि दहा पावलांवरचं दिसेना. छत्री पहिल्याच झोतात उलटी झाली. मोबाईलवर मॅप उघडा होता पण रेंज गेली, निळा ठिपका एका जागी थिजला आणि ओल्या बोटानं स्क्रीन चालेना. चुन्याचे दगड शोधायला गेलो तर प्रत्येक दगडावर पांढरे डाग! वाकून नखानं खरवडलं तेव्हा कळलं, हे दगडफूल आहे, चुना नव्हेच. म्हणजे मी किती वेळ बुरशीच्या मागे चालत होतो देव जाणे.

खरं सांगायचं तर सात वर्षं दिंडीत चाललो पण वाट कधी बघितलीच नव्हती. पुढच्याच्या टाचा बघायच्या, टाळ वाजवायचे, झेंडा वळला की आपण वळायचं.

मग डोकं चालवलं (इथेच चुकलो). म्हटलं केरी खाली, पाणीही खालीच जाणार, तर ओहोळाबरोबर जाऊ. गेलो. ओहोळ रुंद होत गेला, मलाही बरं वाटत होतं, आणि अचानक खालून तोंडावर पाऊस आला. खालून! दोन पावलं पुढे कडा होता, ओहोळ तिथून खाली पडत होता आणि वारा ते पाणी परत वर फेकत होता. क्षणभर धुकं फाटलं तर सरळ पायाखाली अंजुणे धरणाचं पाणी दिसलं. मी तिथेच बसलो, बसूनच मागे सरकलो. ‘पुंडलिक वरदे’ म्हणून ओरडलो तर ‘हरी विठ्ठल’ म्हणणारं कोणी नव्हतं. उपासाचा राजगिऱ्याचा लाडू खिशात भिजून लगदा झाला होता, तोच चाटला.

ओहोळाच्या उलट दिशेनं परत वर गेलो. बऱ्याच वेळानं गुरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, आवाजाच्या दिशेनं गेलो तर घोंगडी पांघरलेली एक गवळी म्हातारी. ‘खंय चल्ला रे पुता?’ म्हटलं, विठ्ठलापूर. ती हसली, काठीनं मी आलो त्याच बाजूला दाखवलं, गुरांच्या मळलेल्या वाटेवर मला घातलं, आणि म्हणाली ट्रकांचे हॉर्न ऐकू येतील तिकडे जा. वीस मिनिटांत घाटाचा डांबरी रस्ता लागला. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, घाट उतरलो, केरीत चहा घेतला, पर्येला पाय बोलायला लागले. अंधार पडता पडता वाळवंटी नदीकाठच्या देवळात पोचलो. गर्दी, टाळ, ओल्या कपड्यांचा वास, एवढं बरं वाटलं! रांगेत मागची बाई म्हणाली, ‘पायाक रगत येता रे तुझ्या.’ खाली बघतो तर फरशीवर लाल ठिपके. सॉक्स काढला, आत अंगठ्याएवढी फुगलेली जळू. तिला मारायला जीव झाला नाही, आज एकादशी. नदीकाठी नेऊन गवतात सोडली. तिचीही वारी झाली, वर फुकटात जेवण, आणि उपास मात्र माझा.