हा तर आपलाच पाषाण

मॉरिशसच्या विमानतळावरून निघून वीस मिनिटंही झाली नसतील, तोच अण्णांनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांच्या प्रचंड राशी. काही तर दोन पुरुष उंच.

"ह्या कुणी रचल्या?" अण्णांनी विचारलं.

ड्रायव्हर भोजपुरी वळणाची हिंदी बोलायचा. म्हणाला, "शेत मोकळं करायला आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी एकेक दगड उचलून टाकलाय, बाबूजी."

अण्णांची कराडजवळ अडीच एकर ऊसशेती. बांधावर दगडाच्या ताली रचण्यात त्यांची उमर गेली. खाली उतरून त्यांनी मुठीएवढा एक दगड उचलला, अंगठ्याने त्यावरची लाल माती पुसली, बारीक बारीक छिद्रं उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, "अगं, हा तर आपलाच पाषाण!"

ते शब्दशः खरं होतं. पृथ्वीच्या पोटात एके ठिकाणी तप्त खडक सतत वर येत असतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचं भूखंड त्या जागेवरून जात होतं. तेव्हा थरावर थर लाव्हा ओतला गेला, आणि त्यातून आपलं दख्खनचं पठार झालं. सह्याद्रीच्या कड्यांवर ते थर आजही मोजता येतात. मग भूखंड उत्तरेला सरकलं, भट्टी मागेच राहिली. तिच्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग उमटत गेली आणि जवळजवळ ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून मॉरिशस वर येऊ लागलं. आता ती भट्टी शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. गाडीत मी हे सांगत होते तेव्हा अण्णांनी तो दगड मांडीवरच ठेवला होता.

क्युरपीप गावातलं 'त्रू ओ सेर्फ' हे विवर पहिल्या दिवशी दिसलंच नाही. जून म्हणजे तिथला हिवाळा, त्यात हे गाव उंचावरचं आणि पावसाचं. कठड्याशी उभं राहिलो, तर समोर नुसतं पांढरं धुकं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच पुन्हा गेलो, आणि बरं झालं गेलो. भल्यामोठ्या वाडग्यासारखं विवर, उतारांवर दाट झाडी आणि तळाशी थोडंसं पाणी. काठाने गावातली माणसं रोजच्यासारखी फेऱ्या मारत होती. एका आजींनी "बोंझूर" म्हटलं, अण्णांनी हात जोडून "रामराम" म्हटलं. दोघंही खूश.

तिथून गंगा तलाव. हेही विवरातच साठलेलं पाणी. पूर्वी याला परी तलाव म्हणत. १९७२ साली गोमुखाहून आणलेलं गंगाजल यात मिसळलं, तेव्हापासून गंगा तलाव. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन पायी येतात. वाटेवरची शंकराची १०८ फुटी मूर्ती भव्य आहे, पण मला खरं भावलं ते पाणी. काठावरची फुलं, उदबत्तीचा वास आणि पायाशी घोटाळणारे मासे. आम्ही तासभर तिथेच बसून राहिलो.

शामारेलची सातरंगी माती फोटोत भडक वाटते, प्रत्यक्षात मऊ दिसते. तांबडी, तपकिरी, जांभळट अशा छटांचे उघडे उंचवटे, एकही गवताचं पातं नाही. इथला काळा पाषाणच झिजून कुजून त्याची ही माती झाली. त्यातल्या लोहाने तांबडे रंग दिले, ॲल्युमिनियमने निळसर-जांभळे. कुंपणाच्या आत जाऊ देत नाहीत, ते योग्यच आहे. ल मोर्नचा कडा आणि पश्चिमेचे किनारे अर्ध्या दिवसात उरकले. समुद्र सुंदरच आहे, पण त्याबद्दल सगळेच लिहितात.

दुपारी रस्त्याकडेच्या गाडीवर दालपुरी खाल्ली. पातळ पुरीत डाळीचं कोरडं सारण, वर वालाची उसळ नि चटणी, आणि नेहमी दोन-दोनच्या जोडीने. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर अशी लागेल, असं अण्णांचं मत पडलं आणि त्यांनी आणखी एक जोडी मागवली.

शेवटच्या दिवशी पोर्ट लुईतला आप्रवासी घाट पाहिला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलास' जहाजातून भारतातले पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर इथे आले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर उतरली. त्यांत आपल्या कोकणातलीही होती. त्यांच्या वंशजांनी इथे गणपती जपला, झाकरी, म्हणजे कोकणातल्या जाखडीसारखा नाच, जपली. गणेश चतुर्थीला आज देशभर सुट्टी असते. घाटाला काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला माणूस त्या चढून आत यायचा आणि पुढे उसाच्या शेतावर रवाना व्हायचा. अण्णा पायऱ्यांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "घरचा दगड सोडून आली बिचारी, आणि इथं येऊन तोच उचलत बसली."

विमानतळाकडे जाताना पुन्हा तेच शेत लागलं. या खेपेला तोडणी सुरू झाली होती, पाचटाचा गोडसर वास रस्त्यावर येत होता. अण्णांनी गाडी थांबवली. मला वाटलं, दगड आठवण म्हणून घरी न्यायचा असेल. त्यांनी पिशवीतून तो काढला, राशीत एक खाच शोधली, ताल रचताना बसवतात तसा फिरवून-फिरवून पक्का बसवला, हात झटकले आणि गाडीत येऊन बसले.