प्राध्यापक, मंत्री आणि पुन्हा प्राध्यापक : मिहाई राल्या

मिहाई राल्या (1896–1964) या रुमानियन मानसशास्त्रज्ञाकडे मी वळलो तो युजीन आयोनेस्कोमुळे. पुढे असंगत नाट्याचा (जीवनाची अर्थहीनता दाखवणाऱ्या ‘ॲब्सर्ड’ नाटकाचा) प्रवर्तक ठरलेल्या या नाटककाराने राल्या यांच्या मनुष्यस्वभावावरील 1946 च्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर केले होते. त्यातला मध्यवर्ती विचार मला आजही पटतो: प्रेरणा आणि कृती यांच्यामध्ये माणूस विलंब घालू शकतो, तत्काळ प्रतिसाद न देता थांबू शकतो, आणि इथेच तो प्राण्यांहून वेगळा होतो.

लेखकाचे राजकीय आयुष्य मात्र या संयमाशी फारसे जुळत नाही. रुमानियातील याश शहरात मानसशास्त्र व सौंदर्यशास्त्र शिकवणारे, डाव्या विचारांचे राल्या राष्ट्रीय शेतकरी पक्षात होते. पण 1938 मध्ये राजा कॅरोल दुसरा याने लोकशाही गुंडाळून हुकूमशाही आणली, तेव्हा ते त्याच राजवटीत कामगारमंत्री झाले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. कामगारांच्या फावल्या वेळासाठी त्यांनी काढलेली संघटना नाझी जर्मनीतील तशाच उपक्रमाच्या धर्तीवर होती, आणि हा डाग (माझ्या मते) सहज पुसता येण्याजोगा नाही. दुसऱ्या महायुद्धातील रुमानियाचा हुकूमशहा आन्तोनेस्कू याच्या काळात त्यांनी स्थानबद्धताही भोगली. युद्धानंतर ते कलामंत्री झाले, मग अमेरिकेतील राजदूत.

शेवटच्या वर्षांत ते पुन्हा मानसशास्त्राकडे वळले, रुमानियन अकादमीच्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले आणि सहलेखकासह त्यांनी या शास्त्राचा इतिहास लिहिला.