आमची वाटचाल : परत आलेला कन्व्हर्टर

आमचा धंदा जुने टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमार्फत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पोचवणारे गोल डबे, कापण्यापासून सुरू झाला. गिअरबॉक्सची कामं करणारे मेकॅनिक ते आमच्याकडे पाठवायचे. लेथवर वेल्ड कापायचा, दोन वाट्या वेगळ्या करायच्या, काळा गाळ धुवायचा, बेअरिंग, सील आणि लॉकअप क्लचचं (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडून घसरण थांबवणारा क्लच) लायनिंग बदलायचं, पुन्हा वेल्ड मारून गळती आणि बॅलन्स तपासायचा. एक लेथ, दोन माणसं. गाडीचा मालक कोण हे आम्हाला कधी कळायचंही नाही, आणि ते सोयीचंच होतं.

पुढे इंजिनात फेरफार करणारे हौशी थेट आमच्याकडे यायला लागले. त्यांच्या तोंडी एकच आकडा असायचा, "तीन हजारचा स्टॉल द्या." टर्बाइन (कन्व्हर्टरमधलं गिअरबॉक्सकडचं चक्र) अडवून धरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, की इंजिन ज्या आरपीएमवर येऊन अडतं तो स्टॉल. मूळ कन्व्हर्टरचा तो बहुधा १६०० ते २००० च्या आसपास असतो. तो वाढवला की गाडी सुटतानाच इंजिन आपल्या खऱ्या ताकदीच्या जागी पोचतं, हे खरं. पण आम्ही आकडा ऐकायचो आणि तसा कन्व्हर्टर बनवून द्यायचो, पुढचं काही विचारायचो नाही.

असाच एक ३२०० चा कन्व्हर्टर आम्ही एका जड गाडीसाठी दिला. तीन आठवड्यांत तो परत आला. ऑइल तपकिरी, जळका वास, आत लायनिंगचा चुरा. मी आधी फिटिंगवर ढकलून पाहिलं. मग कागदावर हिशेब मांडला आणि गप्प बसलो. मागच्या डिफरन्शिअलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो) २.७३, टायरचा व्यास सुमारे ६६ सेंटीमीटर, टॉप गिअर डायरेक्ट, म्हणजे १:१. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे इंजिन २२०० आरपीएमच्या आसपास. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने ते चालून गेलं असतं, पण चढ लागला, पाय दाबला, की कन्व्हर्टर सतत घसरणार. घसरणीत वाया गेलेली सगळी ताकद ऑइल तापवण्यात जाते. त्याच गाडीत ३.७३ चा रेशो असता तर त्याच वेगाला इंजिन ३००० वर फिरलं असतं आणि आमची चूक बरीच झाकली गेली असती. पैसे परत केले. गिअरबॉक्सचं कामही आमच्या खर्चाने झालं.

त्यानंतर आम्ही आधी प्रश्न विचारायला लागलो. गाडीचं वजन, डिफरन्शिअलचा रेशो, टायरचा व्यास, इंजिनाचा टॉर्क कुठल्या आरपीएमला सर्वांत जास्त मिळतो, आणि कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललाय का. कॅम मोठा असेल तर आयडलिंगला इंजिन अडखळतं, आणि घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा कन्व्हर्टर असला तर गिअर 'डी'मध्ये टाकताच ते बंद पडतं. तिथे थोडा सैल, जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर लागतोच. इंजिन जवळपास मूळचंच असेल तर मात्र आम्ही २२००-२४०० च्या वर जात नाही. गिऱ्हाईक नाराज होतं. होऊ दे.

पटवून द्यायला सगळ्यात अवघड गोष्ट ही, की स्टॉल हा नुसता कन्व्हर्टरचा आकडा नाहीच. तो टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकतो. ज्या कन्व्हर्टरने एका इंजिनामागे २४०० दाखवला, तोच दीडपट टॉर्कच्या इंजिनामागे २९०० च्या पुढे जातो. म्हणून मित्राच्या गाडीत "मस्त चालतो" म्हणून तोच मागणाऱ्याला आम्ही आधी समोर बसवून समजावतो. आणखी एक, दोन कन्व्हर्टरवर २८०० च लिहिलेलं असलं तरी दोन्ही सारखे चालतील असं नाही. व्यास १२ इंचांवरून १० वर आणून, स्टेटरच्या (परतणाऱ्या ऑइलला दिशा देणारं मधलं चक्र) पात्यांचा कोन नीट निवडून मिळवलेला २८०० कमी घसरतो. मोठ्या कन्व्हर्टरची पाती नुसती वाकवून आणलेला २८०० रोजच्या वापरात ढिला वाटतो आणि जास्त तापतो. ही पाती वाकवण्याची कामं आम्हीही केली आहेत, सुरुवातीला.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे एकपेक्षा कमी रेशोचा वरचा गिअर असेल तर लॉकअपशिवाय कन्व्हर्टर देणं आम्ही बंदच केलं. जनरल मोटर्सच्या ७००आर४ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये चौथ्या गिअरचा रेशो ०.७० आहे. तोच टायर धरला तर ३.७३ चा डिफरन्शिअल असूनही त्या गिअरमध्ये १०० ला इंजिन २१०० वर येतं. लॉकअप लागला की घसरण शून्य. वेगळा ऑइल कूलरही आम्ही आग्रहाने बसवायला लावतो.

बसवताना होणाऱ्या चुकांनी मात्र आम्हाला अजूनही छळलंय. कन्व्हर्टर इनपुट शाफ्ट, स्टेटरची नळी आणि पंप या तिन्हींवर एकामागून एक बसतो, फिरवत आत ढकलताना ते टप्पे हाताला कळतात. शेवटचा टप्पा राहून गेला आणि बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला ओढला, की पंप फुटतो. म्हणून गिअरबॉक्स जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (इंजिनाच्या टोकाची, कन्व्हर्टर जोडायची चकती) तीन ते पाच मिलिमीटर फट आहे का ते मोजायला सांगणारी चिठ्ठी आम्ही प्रत्येक कन्व्हर्टरला चिकटवतो. फट मिळाली नाही तर फोन करा, असं तिच्यावर ठळक लिहिलंय. लोक पंप फुटल्यावर फोन करतात.

प्रश्नांच्या कागदात शेवटचा प्रश्न माझ्या बायकोने घातला, हिशेब तीच बघते : गाडी तुमच्याशिवाय आणखी कोण चालवतं? सैल कन्व्हर्टरमध्ये आधी इंजिन ओरडतं, मग गाडी हलते. सवय नसलेल्या माणसाला वाटतं, गिअरबॉक्स गेला. मागच्या महिन्यात एकाने वर ३५०० मागितले होते आणि खाली लिहिलं होतं, "आई." त्याला फोन केला. २४०० वर तयार झाला.