जुनी फुल-सस्पेन्शन फ्रेम: वसई, ठाणे, नाशिक आणि भोसरीतली डीपी टेस्ट

१४ जून, वसई

सहा वर्षं हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, चालवली. वेताळ टेकडी, पाषाण, बावधन, कधी मुळशीकडचे डोंगर. यंदा फुल-सस्पेन्शन, म्हणजे मागच्या चाकालाही सस्पेन्शन असलेली सायकल, बांधायची ठरवली. नवी पूर्ण सायकल बजेटच्या फार पलीकडे, म्हणून जुनी फ्रेम शॉकसकट, म्हणजे मागचे दणके शोषणाऱ्या भागासकट, घ्यायची आणि हार्डटेलचं सामान तिच्यावर चढवायचं. माझं वजन ८४ किलो, त्यामुळे फ्रेम टिकेल का, हा माझा पहिला प्रश्न. रंग आणि ब्रँड नंतर. ब्रँडची नावं या नोंदींत घेत नाही. तिन्ही फ्रेम वेगवेगळ्या कंपन्यांच्या होत्या आणि जे सापडलं ते कुठल्याही फ्रेममध्ये सापडू शकतं.

पहिली फ्रेम वसईला. समुद्र जवळ, सायकल कायम गॅलरीत उभी. फोटोत चकाचक होती, समोरही छानच दिसत होती. मालकांनी परवानगी दिली म्हणून मेन पिव्हटचा, म्हणजे मागचा भाग ज्या मुख्य सांध्यावर डोलतो त्याचा, बोल्ट काढायला घेतला. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी साचलेली. ॲल्युमिनियमला लाल गंज चढत नाही, तो असा पांढरा फुलतो. त्यात स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि खारट दमट हवा एकत्र आली की झीज ॲल्युमिनियमचीच होते. बोल्ट करकरत सुटला. मागचा त्रिकोण, म्हणजे मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग, बाजूला केला आणि डावीकडचं बेअरिंग, काहीही न ठोकता, अलगद माझ्या तळहातावर आलं.

त्या क्षणी व्यवहार संपला. बेअरिंग ६९०२ नंबरचं, आत १५, बाहेर २८, जाडी ७ मिमी. ते खराब असलं तरी काही बिघडत नाही, काही शे रुपयांत नवं येतं. पण बेअरिंगचं घर फ्रेमच्याच धातूत कोरलेलं असतं आणि त्यात ते दाबूनच बसायला हवं. व्हर्नियर लावला तर घर एका दिशेने २८.१ आणि दुसऱ्या दिशेने त्याहून कमी. म्हणजे लंबगोल झालेलं. बेअरिंग जाम झालं, बोल्ट ढिला राहिला, आणि मग बाहेरची रिंगच घरात घासत राहिली, असंच झालं असणार. एकसारखी झीज असती तर रिटेनिंग कंपाउंड (फट भरून रिंग धरून ठेवणारं रसायन) लावून वेळ मारून नेता आली असती. लंबगोल घराला तो उपाय पुरत नाही.

त्या दिवसापासून मी एकच मोजपट्टी ठेवली: झिजलेली वस्तू विकत मिळते का? बेअरिंग, बुश, बोल्ट, शॉकचे सील, हँगर (गिअरचा डिरेलर लटकतो तो तुकडा) मिळत असतील तर ती किंमत कमी करायची कारणं. घर, वेल्डिंग, नळी यांतलं काही गेलं असेल तर फुकट दिली तरी फ्रेम नको.

२८ जून, ठाणे

येऊरच्या पायथ्याशी राहणारा एक मुलगा. फ्रेम १३० मिमी ट्रॅव्हलची (मागचं चाक तेवढं वर जाऊ शकतं), रंग अप्रतिम. शॉकवर छापलेलं माप वाचलं: २०० × ५७. घरून निघताना त्या मॉडेलचा तक्ता बघून ठेवला होता, त्यात २०० × ५१ होतं. लांबी तीच, स्ट्रोक, म्हणजे शॉक दबण्याचं अंतर, ६ मिमी जास्त.

६ मिमी ऐकायला काहीच वाटत नाही. पण १३० ला ५१ ने भागलं की लिव्हरेज रेशो, म्हणजे शॉक १ मिमी दबला की चाक किती मिमी वर जातं ते, साधारण २.५ येतो, म्हणजे मागचं चाक ठरल्यापेक्षा जवळजवळ १५ मिमी वर येणार. तेवढी जागा फ्रेममध्ये ठेवलेलीच नसते. शॉकची हवा काढायला सांगितली आणि मागचा त्रिकोण हाताने पूर्ण दाबला. सीटस्टेचा ब्रिज (मागच्या त्रिकोणाच्या वरच्या दोन नळ्या जोडणारा तुकडा) सीट ट्यूबला, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीला, टेकला. टेकला तिथे रंग उडून नखाएवढा चपटा खळगा पडलेला होता. हे कितीतरी वेळा आपटून झालेलं होतं.

"दादा, आधीच्या मालकानेच बसवला होता तो शॉक," मुलगा म्हणाला. खरंच बोलत असणार. तो तिसरा मालक होता, पहिल्याशी त्याचं कधी बोलणंही झालं नव्हतं. सीट ट्यूबची भिंत पातळ असते, मला ती नको होती. पण निघण्याआधी त्याला योग्य मापाचा शॉक शोधायला सांगितलं आणि तोपर्यंत उड्या मारू नकोस असं बजावलं. वय जेमतेम वीस असेल. त्याची काळजी वाटत राहिली.

१९ जुलै, नाशिक

इथे वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता.

फ्रेम २०१५ च्या मॉडेलची, १५० मिमी ट्रॅव्हल, शॉक २०० × ५७, मागचा ॲक्सल १४२ × १२. माझं हार्डटेलचं मागचं चाक तसंच बसणार, हा मोठा फायदा. बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो तो भाग) चुडीचं, ७३ मिमी. चिखलात वापरणाऱ्याला दाबून बसवायच्या प्रेस-फिटपेक्षा हेच बरं. मालक एकच. वॉरंटीचा प्रश्न नव्हता, कारण बहुतेक कंपन्या फ्रेमची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच देतात.

"तुम्ही कुठे चालवलीत, दादा?"

"अंजनेरीकडे, त्र्यंबक रोडच्या आसपास. दोनदा जोरात पडलोय, हँडल बदललंय. फ्रेम कुठे आपटली नाही. पण तुम्ही बघा सगळं, घाई नका करू." त्यांनी एक वही आणून दिली. शॉकची सर्व्हिस, बदललेल्या चेन, सगळ्याच्या तारखा त्यात होत्या. अशी वही ठेवणारा माणूस विरळा.

हे मी का विचारतो तेही लिहितो. स्टीलला एक मर्यादा असते, तिच्या खालचा ताण कितीही वेळा दिला तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला तशी खालची मर्यादा नाही. प्रत्येक दणका, लहान असला तरी, हिशेबात जमा होतो. म्हणून फ्रेमचं वय मी वर्षांत धरत नाही. किती तास चालली, कुणाच्या वजनाखाली, कशा वाटांवर, यांवर धरतो. दहा वर्षं रविवारी चाललेली फ्रेम दोन वर्षं बाइक पार्कमध्ये चाललेलीपेक्षा तरुण असू शकते.

शॉकचे दोन्ही बोल्ट काढले. आता मागचा त्रिकोण मोकळा. वर उचलून सोडला की तो आपल्या वजनाने, न अडखळता खाली यायला हवा. इथे मधेच दोन ठिकाणी कट-कट लागलं, म्हणजे बेअरिंगांना खाचा पडल्यात. मग टोकाला धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं. किंचित खेळ होता, पण तो रॉकरच्या, म्हणजे शॉकला जोडणाऱ्या लिंकच्या, बेअरिंगमध्ये. बोट सांध्यावर ठेवलं की नेमकं कुठे टकटकतंय ते कळतं. घरं पाहिली, व्यवस्थित. दोरा लावला: मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती जागा) हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या छोट्या नळीला, वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

मग टॉर्च. हेड ट्यूब आणि डाउन ट्यूबचा जोड, गसेटच्या खालचं टोक, बॉटम ब्रॅकेटमागचा चेनस्टेचा योक, शॉकचे माउंट. कापसाचा बोळा वेल्डिंगवरून हळूच फिरवायचा, भेग असेल तर तंतू अडकतात. सगळीकडे स्वच्छ. शेवटी टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) सीट ट्यूबला मिळते तिथे एक केसासारखी रेघ दिसली. साधारण १२ मिमी, वेल्डिंगच्या काठाला धरून. कापूस अडकला नाही, पण नख फिरवलं की जाणवत होती.

रंगाची भेग की धातूची? नुसत्या डोळ्याने सांगणं अशक्य आहे आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दादांना म्हटलं, इथला रंग काढून डीपी टेस्ट (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंग भेगेत शिरवून ती दाखवणारी तपासणी) करायची परवानगी द्या. त्यांनी थोडा विचार केला. ३४,००० सांगितले होते, ५,००० टोकन घेतलं आणि फ्रेम माझ्या हवाली केली. "भेग निघाली तर मलाही कळायला हवं," म्हणाले. "नाहीतर मी दुसऱ्या कुणाला विकणार."

२६ जुलै, भोसरी

पुण्यात राहण्याचा हा खरा फायदा. भोसरी-चिंचवडला कास्टिंग आणि वेल्डिंग तपासणाऱ्यांची कमी नाही. मित्राच्या ओळखीने एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले काका तीस वर्षं हेच करतायत.

आदल्या रात्री त्या जोडावरचा आणि वर सीटपोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पपर्यंतचा रंग पेंट रिमूव्हरने काढून ठेवला होता. पॉलिश पेपर मारला नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं, घासलं की ते भेगेच्या तोंडावर पसरतं आणि भेग बुजते. काकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "घासलं नाहीस ना?" नाही म्हटल्यावर फ्रेम हातात घेतली.

तीन डबे. पहिल्यातल्या क्लीनरने पुसलं, वाळू दिलं. दुसऱ्यातून लाल पेनिट्रंट मारला, गडद कुंकवासारखा, आणि पंधरा मिनिटं तसाच ठेवला. भेग असेल तर तो आत ओढला जातो. मग कोरड्या कापडाने आणि नंतर क्लीनरने ओलावलेल्या कापडाने वरचा सगळा लाल पुसून काढला. क्लीनर थेट मारायचा नाही, नाहीतर भेगेतलाही धुऊन जातो. शेवटी तिसऱ्या डब्यातून डेव्हलपर, पिठासारखा पातळ पांढरा थर. आत राहिलेला लाल रंग तो बाहेर खेचतो.

दहा मिनिटं आम्ही दोघं त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होतो. ज्या जोडासाठी आलो होतो तो पांढराच राहिला. ती रेघ फक्त रंगाची होती. मी श्वास सोडला, आणि काका म्हणाले, "थांब. हे काय आहे?"

सीट ट्यूबच्या वरच्या तोंडाला, क्लॅम्पखाली उभी फट असते. तिच्या तळाशी एक लाल ठिपका उमटला होता. बघता बघता तो खाली सरकला आणि बारीक रेघ झाली. ४ मिमी. नाशकात मी तिथे क्लॅम्प काढून पाहिलंच नव्हतं.

"आर्गन मारून देऊ का?" शेजारच्या वेल्डरने विचारलं, म्हणजे भेग वेल्डिंगने भरून देऊ का. काकांनीच नको म्हटलं, आणि ते बरोबर होतं. ही नळी ६०६१ ॲल्युमिनियमची, टी-६ उपचार (तापवून कडक) केलेली. त्या स्थितीत तिची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमची वाकण्याआधी पेलता येणारा ताण) २७६ मेगापास्कलच्या आसपास. पूर्ण नरम केली की ५५. वेल्डिंगच्या शेजारची पट्टी या दोन्हींच्या मधे कुठेतरी जाऊन बसते. ताकद परत आणायची तर अख्खी फ्रेम ५३० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात बुडवायची, मग पुन्हा काही तास १७० च्या आसपास ठेवायची आणि या सगळ्यात ती वाकडी होणार नाही हेही बघायचं. नुसतं आर्गन मारून रंग दिलेली फ्रेम बाजारात दिसली तर मी तिला हात लावणार नाही.

काकांचा सल्ला: भेगेचं टोक डीपीने निश्चित करून तिथे ३ मिमीचं भोक पाडायचं. टोकदार भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, गोल भोकाच्या काठावर तो पसरतो.

घ्यावी की परत करावी यावर मी दोन दिवस विचार केला. हीच ४ मिमीची रेघ हेड ट्यूबजवळ असती तर त्याच संध्याकाळी नाशिकची बस धरली असती, कारण तिथे तुटलं तर माणूस तोंडावर पडतो. इथे मात्र भेगेच्या टोकापासून टॉप ट्यूबच्या वेल्डिंगपर्यंत ३८ मिमी आहेत, आणि माझा ड्रॉपर (सीट वर-खाली करता येणारा सीटपोस्ट) त्या वेल्डिंगच्याही खाली ११० मिमी जातो. म्हणजे वजन पेलणारी पकड भेगेच्या बरीच खाली. क्लॅम्प बेताबाहेर आवळल्यामुळे आणि सीटपोस्ट फार वर ठेवल्यामुळे अशी भेग जाते. दादांना फोटो पाठवले. त्यांनी फोन केला, माफी मागितली, खरं तर त्याची काहीच गरज नव्हती. २४,००० वर ठरलं.

१७ ऑगस्ट

भोक पाडलं, कडा गोल केल्या, पुन्हा डीपी केली. स्वच्छ. क्लॅम्पची फट मागे होती, नवा क्लॅम्प उलटा, फट पुढे ठेवून बसवला आणि टॉर्क रेंचने ५ न्यूटन-मीटरवर थांबलो. ड्रॉपर खाली सरकू नये म्हणून ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट लावली, म्हणजे कमी आवळूनही पकड राहते.

बेअरिंग एकूण दहा. जुनी काढून एकेक फोडून पाहिली, आणि हे प्रत्येकाने एकदा करून बघावं. सायकलच्या पिव्हटचं बेअरिंग गोल फिरत नाही, काही अंशांत मागेपुढे डोलतं. गोळ्या त्याच त्या जागी दाबल्या जातात, ग्रीस बाजूला सारलं जातं, आणि रेसवर, म्हणजे रिंगच्या खोबणीत, ओळीने खाचा पडतात. नाशकात लागलेली कट-कट तीच. नवी मॅक्स प्रकारची घेतली. त्यांत गोळ्यांमधली जाळी नसते, म्हणून जास्त गोळ्या मावतात. वेगाने फिरवायला ती चांगली नाहीत, पण इथे वेग नाहीच, भार आहे. थ्रेडेड रॉड, दोन वॉशर आणि मापाचे सॉकेट वापरून दाबून बसवली, हातोडा कुठेच नाही. दाबताना फक्त बाहेरच्या रिंगवर जोर. मेन पिव्हटचं बसताना शेवटपर्यंत एकसारखा विरोध जाणवला. वसईनंतर तो विरोध हाताला फार गोड लागला.

बोल्टांना निळं लॉकटाइट (बोल्ट सुटू न देणारा गोंद). शॉकच्या डोळ्यातले १२.७ मिमीचे बुश नवे. शॉक सर्व्हिसला दिलाय, दीड महिना लागला तरी चालेल, नाहीतरी पावसात टेकडीवर जायचं नाही. ओल्या वाटेवर चाकांनी चर पडतात.

२१ सप्टेंबर

बावधनच्या मागे पहिली फेरी, दोन तास. सॅग (नुसतं बसल्यावर शॉक दबतो तेवढा भाग) ३० टक्क्यांवर. दगडी उतारावर मागचं चाक जमीन सोडत नाही, हे सहा वर्षांत पहिल्यांदा अनुभवलं आणि खाली पोचल्यावर काही वेळ नुसता सायकलकडे बघत बसलो.

घरी येऊन धुण्याआधी क्लॅम्प काढला. भोकाच्या खाली बारीक मार्करने १ मिमीच्या अंतरावर तीन आडव्या रेषा ओढून ठेवल्या आहेत. भेग पुढे सरकली तर पहिली रेषा तुटेल. टॉर्च लावून, भिंगातून पाहिलं, तिन्ही शाबूत आहेत. फोटो काढून नाशिकला पाठवला. चालवण्याचे दर दहा तास झाले की बघणार, आणि पन्नास तास झाले की भोसरीला जाऊन पुन्हा डीपी.